चाळिशीत कायरोप्रॅक्टर होताना

माझी आजी पायाळू होती. गावात कुणाची उसण भरली की तो माणूस सकाळी सकाळी आमच्या ओसरीवर येऊन पालथा पडायचा. मग आजी पदर खोचून त्याच्या कमरेला पाय लावायची, तीन वेळा. पैसे घ्यायची नाही, उलट चहा पाजून पाठवायची. या प्रकाराचा माझ्या आजच्या कामाशी, म्हणजे हाताने पाठीच्या मणक्यांवर उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टिकशी, काडीचाही संबंध नाही, पण त्या कॉलेजच्या प्रवेशाच्या मुलाखतीत मी हा किस्सा सांगितला आणि समोरच्या बाई इतक्या खूश झाल्या की पुढचे प्रश्न विचारायचंच विसरल्या. म्हणून सुरुवात आजीपासून.

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार-पाच जणांनी फोन करून विचारलं की इंजिनियरचा कायरोप्रॅक्टर नेमका कसा झालास, किती वर्षं लागली, पैशांचं काय. दर वेळी तासभर बोलून मी निम्मं विसरतो. आता एकदाच लिहून ठेवतो.

मी मूळचा मेकॅनिकल इंजिनियर. २००७ मध्ये पुण्याहून मोलीनला आलो, ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीत. मोलीन अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावर. पलीकडच्या काठावर आयोवा राज्य आणि त्यातली डॅव्हनपोर्ट, बेटनडॉर्फ ही गावं. या सगळ्या पट्ट्याला क्वाड सिटीज म्हणतात. नाव चारचं, गावं मोजली तर पाच भरतात. मिसिसिपी बहुतेक ठिकाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, इथे मात्र वळण घेऊन पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते, त्यामुळे नव्या माणसाचा दिशांचा गोंधळ ठरलेला. माझा तर बरीच वर्षं टिकला.

कायरोप्रॅक्टिक जन्मलं ते याच डॅव्हनपोर्टमध्ये. डी. डी. पामर नावाच्या, चुंबकीय उपचार करणाऱ्या गृहस्थाने १८ सप्टेंबर १८९५ रोजी आपल्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांच्या पाठीचा मणका दाबला आणि त्यांचं गेलेलं ऐकू येणं परत आलं, अशी कथा आहे. कानाची नस पाठीतून जात नाही, हे मला पुढे शरीररचनेच्या पहिल्याच सत्रात कळलं. पण १८९७ मध्ये याच माणसाने काढलेलं कॉलेज आजही तिथे चढावर उभं आहे आणि मी दहा वर्षं त्याच्यासमोरून गाडी नेत होतो, आत काय चालतं याची चौकशीही न करता.

फेब्रुवारी २०१७ मध्ये दारातला बर्फ उपसताना माझी पाठ धरली. साधी उसण नव्हती. डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जायची, खुर्चीत दहा मिनिटं बसवत नव्हतं. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर आलेली दिसली. ऑफिसातल्या एकाने ओढत त्याच्या कायरोप्रॅक्टरकडे नेलं. मला वाटलं, हा आता काडकन काहीतरी मोडणार. त्याने चाळीस मिनिटं नुसतं तपासलं. गुडघ्यावर हातोडी मारली, पायाचा अंगठा वर धरून ठेवायला लावला आणि स्वतः तो खाली दाबून बघितला, लघवीला काही त्रास होतो का ते दोनदा विचारलं. त्या दिवशी त्याने माझ्या पाठीला हातही लावला नाही. कसं झोपायचं, कसं उठायचं हे दाखवलं आणि तीन दिवसांनी बोलावलं. बरा व्हायला मला अडीच महिने लागले. त्यातलं किती त्याच्यामुळे आणि किती नुसत्या दिवसांमुळे, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ती चाळीस मिनिटं डोक्यात राहिली.

तरी लगेच काही करता येण्यासारखं नव्हतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत मी जून २००९ पासून उभा होतो, नोकरी सोडली तर रांगही सुटली असती. संध्याकाळी शिकायला मात्र व्हिसाची आडकाठी नव्हती. कायरोप्रॅक्टिकच्या कॉलेजात जायला आधीच्या शिक्षणाचे किमान ९० क्रेडिट लागतात आणि त्यातले २४ विज्ञानाचे. माझे फिजिक्स, केमिस्ट्री बऱ्यापैकी चालून गेले. बायोलॉजी दहावीनंतर सुटलेलं, ते गावातल्या कम्युनिटी कॉलेजात नव्याने केलं: जानेवारी २०१९ ते डिसेंबर २०२०, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी. क्रेडिटमागे दीडशे डॉलरच्या आसपास पडले. ॲनाटॉमीच्या प्रॅक्टिकलला फॉर्मॅलिनमधलं मांजर कापायचं असे. घरी आलो की बायको गॅरेजमध्येच कपडे बदलायला लावायची. कोविड आल्यावर उरलेली प्रॅक्टिकल्स लॅपटॉपवर झाली. वास नव्हता, शिकणंही बेताचंच होतं.

आता कागदांबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो यांनीच. इंजिनियरिंगच्या मार्कशीटचं इथल्या पद्धतीने मूल्यांकन करून घ्यावं लागतं, प्रत्येक विषयाचं वेगळं. त्यासाठी विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात गुणपत्रकं यावी लागतात. माझ्या भावाने त्यासाठी तीन खेपा घातल्या. एकदा खिडकी बंद, एकदा चलन चुकीच्या बँकेत भरलेलं, तिसऱ्यांदा काम झालं. पाकीट इथे पोचेपर्यंत अकरा आठवडे गेले. आणि मग खरी गंमत. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं. इथल्या कारकुनाने पहिला शब्द म्हणजे नाव असं धरलं. एका कागदावर माझं आडनावच माझं नाव झालं, दुसऱ्यावर वडिलांचं नाव आडनाव झालं. पासपोर्टवर तिसराच क्रम. तेव्हा मी हसून सोडून दिलं, ही माझी चूक. तुम्ही सोडू नका. पहिल्याच दिवशी ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या, चार प्रती. आणि विद्यापीठाकडून पाकिटं मागवताना एकदम तीन मागवा.

ग्रीन कार्ड आलं २०२० च्या शेवटी. त्यामुळे सरकारी विद्यार्थी कर्जाचा दरवाजा उघडला. व्हिसावर असताना तो बंद असतो, हे लक्षात ठेवा. दहा सत्रांचं शुल्क, पुस्तकं, परीक्षा सगळं धरून मी एक लाख साठ हजार डॉलर कर्ज काढलं. घराचा हप्ता आणि आरोग्य विमा बायकोच्या नोकरीवर. एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही वही उघडून बसलो. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण हिशोब अजून शंभर पानी वहीतच लिहिते. म्हणाली, “साडेतीन वर्षं मी ओढते. चौथ्या वर्षी वही तू लिहायची आणि मला दाखवायची.” मी हो म्हटलं. तेव्हा माझं वय एकोणचाळीस.

जुलै २०२१ मध्ये चढावरच्या त्याच कॉलेजात वर्ग सुरू झाले. वर्षात तीन सत्रं, उन्हाळ्याची सुट्टी नाही, त्यामुळे दहा सत्रं तीन वर्षं चार महिन्यांत संपतात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात किमान ४,२०० तासांचं शिक्षण लागतं. पहिल्या वर्षी बरंचसं तेच, जे डॉक्टरकीच्या मुलांना असतं: शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, मृतदेहाचं विच्छेदन. माझ्या टेबलावरचे बाकी तिघे तेवीस-चोवीस वर्षांचे. ते मला पहिले दोन आठवडे ‘सर’ म्हणत होते, मग विषयात नापास होताना बघितल्यावर थांबले.

हात तयार होणं हा मात्र वेगळाच प्रकार. पहिल्या महिन्यात सरांनी प्रत्येकाला डोक्याचा एक केस उपटून वहीच्या पानाखाली ठेवायला सांगितला. डोळे मिटून बोटांनी केस शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान. मी दोन पानांवर अडकलो. शेजारची मुलगी सहाव्या पानावर होती. वीस वर्षं माउस धरलेल्या बोटांना स्पर्श म्हणजे काय हेच आठवत नव्हतं. मी रोज रात्री झोपण्याआधी हा खेळ खेळायचो. बायकोचे केस जाड आहेत म्हणून तिचा केस वापरून फसवणूकही केली. चौथं पान ओलांडायला नोव्हेंबर उजाडला. त्यानंतर एका वर्गमित्राच्या पाठीवर बोटं फिरवताना कण्यालगतचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा घट्ट, जरासा ओलसर लागला. त्याला विचारलं, तर म्हणाला, हो, इथेच दुखतंय. मी आनंदाने ओरडलो आणि वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

दाब देण्याचा सराव स्प्रिंगच्या लाकडी फळीवर. जोर कमी लागतो, वेग जास्त. आमच्यासारख्या इंजिनियरला हे सूत्र कळतं, खांद्याला कळत नाही. मग एकमेकांवर सराव. पाचव्या सत्रात माझी मान महिनाभर धरलेली होती, कारण माझा जोडीदारही शिकाऊच होता. आवाजाबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो: हाड सरकल्याचा किंवा मोडल्याचा तो आवाज नसतो. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी झाला की वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो असतो. बोटं मोडताना जे होतं तेच. आवाज आला म्हणजे काम झालं असंही नाही.

या विद्येत जन्मापासून दोन तट आहेत, स्ट्रेट आणि मिक्सर. पहिले म्हणतात, मणक्यांची जागा सुधारली की शरीर आपलं आपण सगळं बरं करतं. दुसरे व्यायाम, इतर उपचार, डॉक्टरांची साथ हे सगळं मिसळतात. जेवणाच्या सुट्टीत यावरून भांडणं व्हायची. मी मिक्सर. कंबरदुखीसाठी हाताने केलेल्या या उपचाराचा थोडा उपयोग होतो, हे मला पटतं. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात गोळ्यांआधी करून बघण्याच्या उपायांत तो धरला आहे, पुरावा फार भक्कम नाही असं नोंदवून. दम्यावर किंवा मुलांच्या कानदुखीवर मणका दाबायचा, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. मानेवरच्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, म्हणून मी मानेला फार जपून हात लावतो. ज्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांनी आधी हे दोन्ही तट ऐकून घ्यावेत. नुसता इंस्टाग्राम बघून येऊ नये.

राष्ट्रीय मंडळाची परीक्षा चार भागांत असते आणि फिजिओथेरपीची वेगळी. पाचांचं शुल्क मिळून चार हजार डॉलरच्या वर जातं. पहिला भाग चौथ्या सत्राच्या शेवटी दिला: सहा विषय, प्रत्येकात ३७५ गुण लागतात. निकाल उघडला तेव्हा मी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये होतो. पाच विषय पास, मायक्रोबायोलॉजी ३४८. गाडीत अर्धा तास बसून राहिलो. इंजिनियरिंगमध्ये एक विषय राहिला तेव्हा एवढं लागलं नव्हतं, तेव्हा दोन पोरं आणि कर्ज नव्हतं. राहिलेला विषय तेवढाच पुन्हा देता येतो, हे घरी आल्यावर बायकोने वाचून सांगितलं. पुढच्या फेरीत दिला, सुटला. सल्ला एवढाच की जंतूंची नावं पाठ करायला शेवटचे दोन आठवडे पुरत नाहीत.

सातव्या सत्रापासून क्लिनिकची तयारी. तिथे ठरावीक संख्येने पेशंट तपासून, उपचार करून दाखवावे लागतात आणि बरेचसे पेशंट आपले आपण जमवायचे असतात. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या इथल्या एका घरी गणपती होता. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि मी कोपऱ्याकोपऱ्यातून पेशंट शोधत हिंडलो. एक काका म्हणाले, “म्हणजे तू हाडवैद्य ना? मग एवढी फी कशाला?” दुसऱ्या काकू म्हणाल्या, “मुलं शिकतात माझ्या मानेवर? नको रे बाबा.” तरी सहा जण आले. त्यातल्या दोघांशी पुढे वर्षभर गप्पा झाल्या, दोघांचे खांदे सुधारले, बाकीचे एकेकदा येऊन गेले. एका काकांनी पहिल्याच दिवशी उठून विचारलं, “आवाज कुठे आला?” त्यांना वायूची पोकळी समजावून सांगितली. ते पुन्हा आले नाहीत.

चौथा भाग प्रात्यक्षिकाचा, मे २०२४ मध्ये. खोल्यांची रांग, घंटा वाजली की आत, ठरलेल्या मिनिटांनी पुन्हा घंटा, पुढची खोली. आत कधी एक्स-रे टांगलेले, कधी पेशंटचं सोंग घेतलेला माणूस. एका खोलीतला पेशंट पाठ दुखते म्हणत होता आणि मी घाईत वजन घटलंय का हे विचारायचं विसरलो, पाठदुखीमागे दुसरा गंभीर आजार असला तर तो इशारा असतो. दाराबाहेर पडल्या पडल्या आठवलं, आत परत जाता येत नाही. सराव करताना मित्राला घड्याळ आणि घंटा घेऊन बसवा, नुसती पुस्तकं वाचून त्या घंटेची सवय होत नाही.

ऑक्टोबर २०२४ ला पदवी. आईने पुण्याहून विचारलं, “म्हणजे आता डॉक्टर ना?” मी म्हटलं, इथे नावामागे लावता येतं, औषधं लिहून देता येत नाहीत, ऑपरेशन करता येत नाही. भारतात परतून प्रॅक्टिस करायची असेल त्यांच्यासाठी: तिथे कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी सरकारी परिषद नाही, हे धरून चाला.

परवाना राज्याचा असतो. पुलाच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरा. इलिनॉयमध्ये कायरोप्रॅक्टर डॉक्टरांच्याच कायद्याखाली येतात, आयोवात त्यांचं वेगळं मंडळ आहे. मी आयोवाचा अर्ज आधी केला. कॉलेजची गुणपत्रकं थेट, परीक्षेचे गुण थेट, सगळं थेट त्यांच्याकडे. तीन आठवड्यांनी पत्र आलं: परीक्षेच्या नोंदीतली व्यक्ती आणि अर्जदार एकच आहेत याची खात्री पटत नाही. आडनाव, नाव, वडिलांचं नाव! मी ते प्रतिज्ञापत्र तेव्हा केलं, जे साडेचार वर्षांपूर्वी करायला हवं होतं. परवाना हातात आला जानेवारी २०२५ मध्ये.

पुढचं पटापट. राष्ट्रीय प्रोव्हायडर क्रमांक, म्हणजे उपचार करणाऱ्याचा ओळख क्रमांक, ऑनलाइन, फुकट, दोन दिवसांत. कराचा क्रमांक फुकट. आयोवात कंपनीची नोंदणी ५० डॉलर. चुकीच्या उपचारांचा विमा पहिल्या वर्षी नवख्यांना स्वस्त पडतो. उपचाराचं टेबल एका निवृत्त होणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडून अठराशे डॉलरला घेतलं, नवीन घेऊ नका. विमा कंपन्यांच्या यादीत नाव लागायला मात्र तीन-चार महिने. एका कंपनीने तर आमची यादी भरलेली आहे असं कळवलं. परवाना येण्याची वाट न बघता त्यांचे फॉर्म जितके भरता येतील तितके आधी भरून ठेवा.

मेडिकेअरचं एक सांगतो, ते मला अजून बोचतं. म्हाताऱ्या माणसांचा हा सरकारी विमा कायरोप्रॅक्टरला फक्त मणक्यावरच्या हाताच्या उपचाराचे पैसे देतो. तपासणीचे नाही. म्हणजे ज्या चाळीस मिनिटांमुळे मी या वाटेला लागलो, त्यांची किंमत शून्य. आणि डॉक्टरांप्रमाणे मेडिकेअरमधून बाहेर पडण्याची मुभाही आम्हाला नाही.

मार्च २०२५ मध्ये बेटनडॉर्फमध्ये दुसऱ्याच्या क्लिनिकातली एक खोली आठवड्यातून तीन दिवस भाड्याने घेतली. पहिल्या महिन्यात अकरा पेशंट. जुलैपर्यंत खोलीचं भाडं सुटायला लागलं, कर्जाचा हप्ता अजून नाही. पेशंट बहुतेक शेतकरी, गोदामात काम करणारे, एक शाळेची बस चालवणाऱ्या बाई. मराठी घरांतून एक काकू नियमित येतात, त्याच, ज्या ‘नको रे बाबा’ म्हणाल्या होत्या.

जुलैच्या शेवटच्या रविवारी मी वही घेऊन टेबलावर बसलो. बायकोने चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेली. तारीख, आद्याक्षरं, रक्कम. एका ओळीवर थांबली. १४ जुलै, तपासणी, शून्य.

“हे काय?”

सत्तरीतले शेतकरी होते. पाठ रात्री जास्त दुखायची, चार महिन्यांत कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. मी पाऊण तास तपासलं, वजनाचं विचारायला या वेळी विसरलो नाही. पाठीला हात न लावता त्यांच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्याच दिवशीची वेळ घेऊन दिली.

“आणि पुढे?”

रिपोर्ट यायचेत, म्हटलं. तिने बोट पुढच्या ओळीवर सरकवलं.